फॅमिली मेडिसिनच्या जर्नलचे एडिटर: सगळे डॉक्टरच असतात का?

प्रश्न: नमस्कार. माझा भाऊ फॅमिली मेडिसिनमध्ये एमडी करतोय, त्याचा पहिलाच पेपर एका जर्नलने परत पाठवलाय, नकार नाही दिला पण सुधारून पाठवा म्हणालेत. डायबिटीसचे पेशंट मधेच गोळ्या का सोडतात यावर त्याने मुलाखती घेतल्या होत्या. आता गंमत अशी की निम्मे शेरे ज्या एडिटरबाईंचे आहेत त्या डॉक्टरच नाहीत, त्यांची पीएचडी आहे आणि तीही मानववंशशास्त्रात! त्यांनी विचारलंय की मुलाखती कोणी घेतल्या आणि त्याच पेशंटवर उपचारही तोच करत होता का. भाऊ भडकलाय, म्हणतो ज्यांनी कधी पेशंट तपासला नाही त्यांनी मला शिकवू नये. मी बाहेरची, मला कळत नाही, पण हे असं चालतं का?

उत्तर: चालतं, आणि चालायलाच हवं. आधी भावाला पाणी द्या, शांत होऊ द्या, मग हे वाचायला द्या.

बाईंनी जे विचारलंय ते मानववंशशास्त्र शिकलेल्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सुचतं आणि डॉक्टरला बऱ्याचदा सुचतच नाही. ज्याच्याकडून पुढच्या महिन्यात परत प्रिस्क्रिप्शन घ्यायचंय त्याच्या तोंडावर "डॉक्टर, तुमच्या गोळ्या मी कपाटात टाकून दिल्यात" असं कोण बोलणार? पेशंट म्हणणार विसरलो, गावाला गेलो होतो, संपल्या होत्या. मग पेपरमध्ये निष्कर्ष काय येणार, तर विसरभोळेपणा हे मुख्य कारण. म्हणजे मुलाखत घेणारा बदलला की उत्तरं बदलतात, आणि हे तपासायला एडिटर डॉक्टर असून भागत नाही, माणसं कशी बोलतात याचा अभ्यास केलेला कोणीतरी टेबलावर लागतो.

हे काही आजचं फॅड नाही. १९६१ साली केर व्हाइट यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक पेपर छापला, फॅमिली मेडिसिनवाले अजूनही त्याचं नाव घेतात. त्यांचा हिशोब असा की १००० मोठी माणसं घेतली तर एका महिन्यात साधारण ७५० जणांना काहीतरी दुखतं-खुपतं, २५० डॉक्टरकडे जातात, ९ जण हॉस्पिटलात भरती होतात आणि मोठ्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलात पोचतो फक्त १. आणि मेडिकलचं शिक्षण नि संशोधन बहुतेक त्या एकावरच चालू होतं! आता लेखक बघा, व्हाइट डॉक्टर पण त्याआधी अर्थशास्त्र शिकलेले, फ्रँकलिन विल्यम्स डॉक्टर, आणि तिसरे बर्नार्ड ग्रीनबर्ग हे स्टॅटिस्टिक्सचे. या विषयातला असा गाजलेला पेपरच जर सरमिसळ टीमने लिहिलाय तर तो तपासणारे एकाच साच्यातले कसे चालतील?

अजून एक उदाहरण देते, मला फार आवडतं. १९८४ साली हॉवर्ड बेकमन हे डॉक्टर आणि रिचर्ड फ्रँकेल हे समाजशास्त्राचे, दोघांनी मिळून ७४ भेटींच्या रेकॉर्डिंग ऐकल्या आणि मोजलं की पेशंट बोलायला लागल्यावर डॉक्टर किती वेळात मधे तोंड घालतो, तर सरासरी १८ सेकंद. पुढे १९९९ मध्ये खास फॅमिली डॉक्टरांवर तसाच अभ्यास झाला, आकडा आला २३ सेकंद. पाच सेकंदांची प्रगती, चला. पण मुद्दा हा की हे मोजावं असं एकट्या डॉक्टरला वाटलं असतं का याची मला शंका आहे, आपण मधे बोलतो हे आपल्याला कुठे कळतं.

त्यामुळे भावाला सांगा, उत्तर प्रामाणिकपणे लिही. मुलाखती स्वतःच घेतल्या असतील तर तसं स्पष्ट लिहायचं आणि त्याचा परिणाम काय झाला असेल त्यावर एक परिच्छेद टाकायचा, लपवायचं नाही. त्याने पेपर कमकुवत होत नाही, उलट होतो चांगला.

प्रश्न: मग जे एडिटर डॉक्टर असतात ते तरी पेशंट बघतात का, की प्रॅक्टिस सोडून खुर्चीत बसलेले असतात? आणि पगार कोण देतं?

उत्तर: बहुतेक ठिकाणी मुख्य एडिटर आणि त्यांच्या हाताखालचे असोसिएट एडिटर हे पार्ट टाइम असतात. मूळ नोकरी युनिव्हर्सिटीच्या फॅमिली मेडिसिन विभागात, तिथे शिकवणं, थोडी ओपीडी, स्वतःचं संशोधन, आणि आठवड्यातला काही वेळ जर्नलचा. त्या वेळेचे पैसे जर्नल किंवा ते चालवणारी संघटना देते, काही छोट्या जर्नलांत तर मानधनही नसतं, नुसता मान. रिव्ह्यू करणाऱ्यांना, म्हणजे छापायच्या आधी पेपर तपासून मत देणाऱ्या बाहेरच्या तज्ज्ञांना, तर सहसा काहीच मिळत नाही, तो वेगळाच रडगाणं गायचा विषय आहे. मोठी साप्ताहिक जनरल मेडिकल जर्नलं वेगळी, तिथे पूर्णवेळ पगारी एडिटर असतात आणि त्यातल्या बऱ्याच जणांनी प्रॅक्टिस कधीच सोडलेली असते.

नावं घ्यायची तर अमेरिकेत १९७४ साली जर्नल ऑफ फॅमिली प्रॅक्टिस सुरू झालं त्याचे पहिले एडिटर जॉन गेमन, ते युनिव्हर्सिटीत यायच्या आधी कॅलिफोर्नियातल्या माउंट शास्ता नावाच्या छोट्या गावात डॉक्टर होते, म्हणजे बाळंतपणापासून हातपाय मोडण्यापर्यंत सगळं बघणारे. लक्षात घ्या, अमेरिकेत ही स्पेशालिटी म्हणून मान्य झालीच मुळी १९६९ मध्ये. तेव्हा जर्नल काढायचं म्हणजे आमच्याकडेही संशोधन होतं हे आधी इतर डॉक्टरांना पटवायचं होतं, आणि ते पटवायला गावात प्रॅक्टिस केलेला माणूस बसवला हे मला योग्यच वाटतं. नंतर २००३ मध्ये ॲनल्स ऑफ फॅमिली मेडिसिन निघालं त्याचे पहिले एडिटर कर्ट स्टँज, ते फॅमिली डॉक्टर पण आणि एपिडेमिऑलॉजीवाले, म्हणजे आजार लोकांमध्ये कसे नि किती पसरतात याचा अभ्यास करणारे पण. म्हणजे तीस वर्षांत गावचा डॉक्टर ते डॉक्टर-अधिक-संशोधक असा प्रवास. आता मुख्य एडिटर असे दुहेरी शिकलेले बरेच दिसतात.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर निदान दोघं-तिघं तरी आजही पेशंट बघणारे हवेतच. कारण पेपरमध्ये लिहिलेलं असतं की डॉक्टरने प्रत्येक पेशंटला ही वीस प्रश्नांची प्रश्नावली भरायला द्यावी, आणि ज्याने काल ओपीडी केली त्यालाच कळतं की दहा मिनिटांच्या भेटीत हे शक्य नाही. पीएचडीवाला कितीही हुशार असला तरी ते त्याच्या अंगात मुरलेलं नसतं. तेव्हा वरच्या उत्तरात मी भावाला झापलं असलं तरी त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही!

प्रश्न: माझी मुलगी स्टॅटिस्टिक्समध्ये एमएससी आहे. तिला मेडिकल जर्नलमध्ये काम मिळू शकतं का? तिथे नक्की करतात काय?

उत्तर: मिळू शकतं, पण लगेच नाही, आधी काही वर्षं मेडिकल रिसर्चच्या टीममध्ये काम करावं लागेल आणि बहुतेक ठिकाणी पीएचडी बघतात. काम काय ते उदाहरणाने सांगते, आकडे मी समजण्यापुरते घेतलेत.

समजा कोणी २० दवाखाने घेतले, चिठ्ठ्या टाकून दहांमध्ये नवी पद्धत चालू केली आणि दहांमध्ये जुनीच ठेवली, प्रत्येक दवाखान्यातले ३० पेशंट, म्हणजे एकूण ६००. लेखक म्हणणार आमच्याकडे ६०० पेशंट आहेत. पण एकाच दवाखान्यातले पेशंट एकमेकांसारखे असतात ना, तोच डॉक्टर, तीच वस्ती, तीच सवय. हे सारखेपण मोजायचा एक आकडा असतो, तो समजा ०.०५ धरला, वाटायला किरकोळ, तर हिशोब होतो १ अधिक २९ (दवाखान्यातले ३० वजा एक) गुणिले ०.०५, म्हणजे २.४५. आता ६०० ला त्याने भागा, २४५ च्या आसपास येतात, म्हणजे खरी माहिती एकमेकांशी संबंध नसलेल्या २४५ पेशंटांइतकीच. म्हणजे अर्ध्याहून जास्त पेशंट गेले हवेत! ज्या लेखकाने हे धरलं नाही त्याचा "सिद्ध झालं" वाला निष्कर्ष बऱ्याचदा इथेच कोसळतो. फॅमिली मेडिसिनमध्ये असे दवाखानेच्या दवाखाने घेऊन केलेले प्रयोग खूप, म्हणून स्टॅटिस्टिक्सचा एडिटर तिथे शोभेचा नसतो.

डग ऑल्टमन नावाचे ब्रिटिश स्टॅटिस्टिशियन होते, डॉक्टर नव्हते, बीएमजेचे, म्हणजे ब्रिटिश मेडिकल जर्नलचे, ते मुख्य स्टॅटिस्टिक्स सल्लागार होते. १९९४ मध्ये त्यांनी बीएमजेमध्येच लेख लिहून मेडिकल संशोधनाचा दर्जा ही लाजिरवाणी गोष्ट आहे असं सरळ म्हटलं, आणि उपायही सांगितला, की संशोधन कमी करा पण चांगलं करा. मुलीला तो लेख शोधून वाचायला सांगा, छोटासाच आहे.

प्रश्न: मॅनेजिंग एडिटर म्हणजे मुख्य एडिटरचा असिस्टंट का?

उत्तर: नाही हो, त्यांना असिस्टंट म्हणालात तर चिडतील. कोणता पेपर कोणाकडे रिव्ह्यूला गेलाय, कोण दोन महिने उत्तर देत नाहीये, कुठल्या लेखकाने एथिक्स कमिटीची परवानगी जोडली नाही, अंक वेळेवर निघणार का, हे सगळं त्यांच्याकडे. ही माणसं बहुतेक डॉक्टर नसतात, भाषा, पत्रकारिता, लायब्ररी सायन्स, कधी बायॉलॉजी अशा कुठल्याही वाटेने आलेली असतात. शास्त्रीय लेखनाच्या एडिटरांसाठी परीक्षाही असते, अमेरिकेत १९९१ पासून बोर्ड ऑफ एडिटर्स इन द लाइफ सायन्सेस ती घेतं. पेपर घ्यायचा की नाही हे मात्र मॅनेजिंग एडिटर ठरवत नाहीत.

प्रश्न: एडिटरने स्वतःचाच पेपर स्वतःच्या जर्नलमध्ये दिला तर? हे क्षेत्र छोटं, सगळे एकमेकांना ओळखतात.

उत्तर: देता येतो, पण मग त्या पेपरच्या बाबतीत तो एडिटर बाजूला होतो, दुसरा कोणीतरी बघतो आणि मेडिकल जर्नलांच्या एडिटरांची जी आंतरराष्ट्रीय समिती आहे तिचे नियमही तेच सांगतात. आपल्याच विभागातल्या माणसाचा, जुन्या विद्यार्थ्याचा पेपर आला तरी तेच. म्हणून संपादक मंडळात सगळे एकाच युनिव्हर्सिटीचे दिसले की मी जरा सावध होते, बाजूला व्हायचं म्हटलं तरी कामाला उरणार कोण? एडिटरांनी आपले आर्थिक संबंध, म्हणजे औषध कंपनीचे पैसे वगैरे, जाहीर करावेत अशीही अपेक्षा आहे, सगळी जर्नलं ते नीट करतात असं मात्र मी म्हणणार नाही.

प्रश्न: मी फॅमिली मेडिसिनच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे एडिटर व्हायचंय. सुरुवात कुठून करू?

उत्तर: रिव्ह्यू करण्यापासून. तुमच्या गाइडकडे रिव्ह्यूला आलेला पेपर त्यांच्या हाताखाली तपासा, पण जर्नलला विचारून, कारण तो पेपर गोपनीय असतो आणि तुमचं नाव कळवायला लागतं. एडिटर लोकांना कोणता रिव्ह्यूअर आवडतो माहितीये? जो वेळेत पाठवतो आणि "छान आहे" असं दोन ओळींत न लिहिता काय बदलायचं ते सांगतो. असे मोजके असतात, म्हणून त्यांची नावं लक्षात राहतात आणि संपादक मंडळात जागा झाली की तीच आधी आठवतात. अमेरिकन फॅमिली फिजिशियन या जर्नलमध्ये त्याचे माजी एडिटर जे (Jay) सिवेक यांच्या नावाने एडिटिंगची फेलोशिप आहे, हे जर्नल नव्या संशोधनापेक्षा डॉक्टरांना उपयोगी आढावा लेख जास्त छापतं, तीही बघून ठेवा. आणि एमडीनंतर जमलं तर एपिडेमिऑलॉजी किंवा पब्लिक हेल्थची डिग्री करा, पण प्रॅक्टिस सोडून नाही.