पत्रा दोनच बाजूंना का तडकतो?

प्रश्न : मालिमच्या मच्छीमारांसाठी आम्ही २ मिमीच्या ५०५२-एच३२ ॲल्युमिनियम पत्र्याची खोकी बनवतो. दोन कडा सुरेख वाकतात, उरलेल्या दोन बाहेरून तडकतात. पत्रा तोच, मशीन तेच. गॅसने तापवून वाकवावा का?
– एक वर्कशॉपवाले, कुंडई

उत्तर : पुरवठादाराशी भांडण काढू नका. माझं निम्मं आयुष्य रोलिंग मिलच्या आवाजात गेलं, तिथली ही रोजची तक्रार. पत्र्यावर बारीक समांतर रेघा दिसतात ना, ती रोलिंगची दिशा. तडकणाऱ्या कडा या रेघांना समांतर असणार, ताडून पाहा.

थंड रोलिंगमध्ये ४ मिमीचा पत्रा २ मिमी झाला की रुंदी जवळपास तेवढीच राहते, लांबी दुप्पट होते. आतले स्फटिककण, म्हणजे धातू ज्यांचा बनतो ते बारीक स्फटिक, तेही तसेच चपटे आणि लांबट होतात. लोहयुक्त कठीण कण फुटून त्याच दिशेने माळेसारखे पसरतात. घडी त्या माळेला समांतर आली की भेगेला आयती वाट मिळते. आडवी आली तर वाट सापडत नाही. शिवाय रोलिंगने स्फटिककणांच्या आत विस्थापनांची, म्हणजे अणूंच्या रांगांमधल्या दोषांची, गर्दी होते, ती एकमेकांना अडवतात आणि पत्रा कडक होतो. एच३२ म्हणजे हाच कडकपणा, थोडा स्थिर केलेला.

म्हणून लांब घड्या रेघांना काटकोनात येतील असं कटिंग आखा. आखूड घड्यांसाठी पंचाची, म्हणजे पत्रा दाबून वाकवणाऱ्या हत्याराच्या टोकाची, त्रिज्या ३ मिमी ठेवा. कापलेल्या कडेची बर, म्हणजे कापताना उठलेली धारदार कोर, घासून काढा. अर्ध्या भेगा तिथूनच निघतात, पण ते कुणाला पटत नाही! कुठलीच घडी रेघांना समांतर येऊ नये म्हणून तिरकं, ४५ अंशांत कापण्याचा सल्लाही मिळेल. भंगार किती जाईल ते आधी मोजा.

गॅस मात्र नको. साधारण ३४५ अंश सेल्सिअसला नवे, ताणमुक्त स्फटिककण उगवतात आणि यील्ड, म्हणजे पत्रा कायमचा वाकायला लागतो तो ताण, १९५ मेगापास्कलवरून ९० च्या आसपास उतरतं. हा मिश्रधातू तापवून परत कडक करता येत नाही, त्यासाठी पुन्हा थंडच दाबावा लागतो. ॲल्युमिनियम वितळण्याआधी लालही होत नाही, त्यामुळे नजरेचा अंदाज हमखास चुकतो. थोडासाच वाकवलेला भाग तापवला तर स्फटिककण भरड होतात, आणि पुढच्या घडीला पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा उठतो.