पगडा, प्रभाव आणि वळण

‘या दिग्दर्शकाच्या कामावर हिचकॉकचा पगडा आहे’ असं एका परीक्षणात वाचलं, तिथे ‘प्रभाव’ का नको, दोन्ही एकच ना, असा प्रश्न आहे.

एकच नाहीत. पगडा बसला की खालच्याला मान वर काढता येत नाही. दिग्दर्शकाचं स्वतःचं फारसं काही उरलं नाही, असा सूर त्यात आहे. परीक्षकाला तेच म्हणायचं असेल तर शब्द चपखल, नाहीतर अन्याय झाला.

‘प्रभाव’ त्या मानाने सौम्य, खरं तर मिळमिळीतच. पण तो ‘पडतो’. ‘कुरोसावाने लिओनीवर प्रभाव टाकला’ हे मला खटकतं, कारण जपानी दिग्दर्शक कुरोसावाने मुद्दाम काही केलंच नव्हतं. केलं ते इटालियन दिग्दर्शक सर्जिओ लिओनीने. कुरोसावाच्या ‘योजिम्बो’ची (१९६१) गोष्ट घेऊन त्याने १९६४ मध्ये ‘अ फिस्टफुल ऑफ डॉलर्स’ काढला. जपानी निर्मात्यांनी दावा लावला आणि तडजोडीत कमाईचा १५ टक्के वाटा मिळवला. गोष्टीपुरतं बोलायचं तर ही सरळ ‘उचल’. पण पडदाभर पसरलेले ते चेहरे, बंदूक निघण्याआधीची ती ताणलेली शांतता? ते वळण लिओनीचंच.

‘वळण’ हा शब्द या विषयात फारसा कुणी वापरत नाही, याचं नवल वाटतं. अक्षराला वळण असतं, तसं दृश्य रचण्यालाही असतं. आणि वळण आलं की कित्ताही आला. सोव्हिएत दिग्दर्शक आयझेनस्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’मध्ये (१९२५) ओडेसाच्या पायऱ्यांवरून बाबागाडी घरंगळत जाते. ब्रायन डी पामाने १९८७ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये रेल्वे स्टेशनच्या जिन्यावर तोच कित्ता गिरवला. याला चोरी म्हणणं चूक. चोरी लपवायची असते, इथे जाणत्याने ओळखावं हीच इच्छा. ‘मानवंदना’ म्हणा हवं तर.

याच्या उलट सत्यजित राय. १९५० मध्ये लंडनमध्ये त्यांनी इटालियन दिग्दर्शक डी सिकाचा ‘बायसिकल थीव्ज’ पाहिला. पाच वर्षांनी आलेल्या ‘पथेर पांचाली’त त्यातलं एकही दृश्य बोट ठेवून दाखवता येत नाही. खऱ्या जागी चित्रण करायचं आणि नवखे चेहरे घ्यायचे, ही हिंमत मात्र तिथली. वाण नाही पण गुण लागला! ही म्हण आपण बिघडलेल्या पोराबद्दल वापरतो, पण ढवळ्या-पवळ्याला गोठ्यात ठेवून उरलेला अर्धा भाग इथे बेलाशक वापरावा.

जाता जाता ‘छाप’. हिचकॉकची छाप चित्रपटात ‘दिसते’ म्हणा. ‘दिग्दर्शकाने छाप पाडली’ म्हटलंत तर हिचकॉक बाजूलाच राहील आणि दिग्दर्शकाने वाहवा मिळवली असा अर्थ होईल.