ताईंशी बोलायचं कधी? दोन सेटच्या मध्ये

प्रश्न : मी 31 वर्षांची आहे. गेले चार महिने सकाळी सहाला जिमला जाते. त्याच वेळी पन्नाशीच्या एक ताई येतात. ठरलेला दिवस कधी चुकवत नाहीत, जड डेडलिफ्ट (जमिनीवरचा वजनाचा बार उचलून सरळ उभं राहण्याचा व्यायाम) मारतात, वहीत सगळं लिहून ठेवतात. जिममध्ये सगळे त्यांना मानतात. मला त्यांच्याशी ओळख करून घ्यायची आहे, जमलं तर शिकायचंही आहे. परवा धीर करून त्या बारजवळ उभ्या असताना म्हटलं, "या वयात किती भारी उचलता!" त्यांनी नुसती मान हलवली आणि वळल्या. तेव्हापासून इतकं ओशाळल्यासारखं झालंय, की संध्याकाळची वेळ घ्यावी असं वाटतं.

उत्तर : वेळ बदलू नका. जिममधली ओळख रोज एकमेकांना दिसण्यातूनच होते. संध्याकाळी जायला लागलात तर चार महिन्यांत जमलेलं तेवढंही जाईल.

ताईंनी तुम्हाला झिडकारलं असं मला वाटत नाही. त्या बारजवळ उभ्या होत्या म्हणजे पुढचा सेट (सलग उचलण्याची एक फेरी) अगदी तोंडावर आला होता. जड वजन उचलण्याआधी पोटात श्वास भरून रोखायचा असतो, पोटाचे स्नायू आवळायचे असतात. त्यानेच पाठीला आधार मिळतो. अशा वेळी उत्तर द्यायला तोंड उघडलं की श्वास सुटतो आणि सगळी तयारी पहिल्यापासून करावी लागते. त्यांनी मान हलवली, हे पुष्कळ झालं.

वयाचा उल्लेख मात्र पुन्हा नको. शरीरावरही काही बोलू नका, कौतुक म्हणूनसुद्धा. बोलायचंच असेल तर कामाबद्दल बोला: "शेवटच्या रेपलाही तुमचा बार पायाला चिकटून वर आला." (रेप म्हणजे सेटमधलं एकेकदा उचलणं.) नीट पाहिल्याशिवाय हे वाक्य सुचत नाही, आणि मनापासून व्यायाम करणाऱ्या माणसाला ते लगेच कळतं.

आता वेळ कशी साधायची ते. जड सेटनंतर विश्रांती साधारण 3 ते 5 मिनिटांची असते. पहिलं मिनिट धाप निवण्यात जातं, शेवटच्या मिनिटात लक्ष पुढच्या वजनाकडे गेलेलं असतं. मधलं मिनिट-दीड मिनिट तुमचं. कमरेचा पट्टा सैल झालाय, वहीत लिहून झालंय, कानात हेडफोन नाहीत, अशा वेळी जा. पट्टा आवळताना किंवा हाताला चॉक (पकड घसरू नये म्हणूनची पांढरी पूड) लावताना दिसल्या तर थांबा. हेडफोन असतील तर समोरून नुसतं हसा. मागून खांद्यावर हात ठेवू नका, दचकून इजा होऊ शकते.

सगळ्यात सोपी वेळ म्हणजे शेवटचा सेट झाल्यावर त्या प्लेट्स जागेवर ठेवत असतात ती. "मदत करू का?" एवढंच विचारा आणि हो म्हणाल्या तर दुसऱ्या बाजूला उभ्या राहा. बार रॅकवर (बार ठेवायच्या स्टँडवर) असेल तर दोघींनी आळीपाळीने एकेक प्लेट काढा. एकच बाजू रिकामी केली तर बार उलटतो आणि कुणाला तरी लागतं. तुमच्या स्वतःच्या प्लेट्स जागेवर जातात का, बाकावरचा घाम पुसला जातो का, हे जुनी मंडळी न बोलता बघत असतात. ते आधीपासून नीट असेल तर तुमची अर्धी ओळख झालेलीच आहे.

त्यांच्याबरोबर आळीपाळीने सेट करायची कल्पना चांगली आहे, पण बारवर नको. बार 20 किलोचा धरला तर 80 किलोसाठी दोन्ही बाजूंना 30-30 किलो लागतात. तुम्ही 30 किलोवर असाल तर दर वेळी एवढ्या प्लेट्स काढायच्या-घालायच्या, आणि त्यांची विश्रांती त्यातच संपते. पिन लावून वजन ठरवायच्या मशीनवर मात्र फक्त पिन हलवावी लागते. तिथे विचारा, "तुमचे किती सेट राहिलेत? मध्ये मी केले तर चालेल?" आणि तुमचा सेट झाला की पिन परत त्यांच्या वजनावर लावून ठेवा.

शिकायचं असेल तर "मला शिकवा" म्हणू नका. त्या हो तरी काय म्हणतील? एकच नेमकी अडचण न्या: "डेडलिफ्टला बार माझ्या नडगीपासून पुढे जातो आणि कंबर भरून येते. माझा शेवटचा सेट बघाल का?" बार पुढे गेला की कंबरेवरचा ताण वाढतो, हे त्यांना सांगावं लागणार नाही, एका नजरेत चूक दिसेल. त्यांनी सांगितलेलं लगेच करून बघा. वजन कमी करावं लागलं तरी करा. मग आठवड्याने परत जाऊन काय फरक पडला ते सांगा. हा शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात. सल्ला घेतात आणि दुसऱ्या दिवशी जुन्याच पद्धतीने उचलतात, म्हणून अनुभवी माणसं हळूहळू सांगणंच बंद करतात.

बेंच प्रेसला (बाकावर झोपून छातीवरून बार वर ढकलताना) त्यांना सपोर्टला, म्हणजे बार अडला तर धरायला, बोलवायचं असेल तर झोपण्याआधी तीन गोष्टी सांगा: किती रेप काढणार, बार रॅकवरून काढून द्यायचा का, आणि हात कधी लावायचा. त्यांनी तुम्हाला बोलावलं आणि तुम्ही कधी सपोर्ट दिला नसेल, तर तसं स्पष्ट सांगा. भीड म्हणून हो म्हणू नका, तिथे बार त्यांच्या छातीवर असतो.

नाव दुसऱ्या-तिसऱ्या बोलण्यात, आधी स्वतःचं सांगून विचारा. त्यांचं व्हिडिओ शूटिंग करू नका आणि ओळख होण्याआधी मोबाइलवर त्यांना शोधून फॉलोही करू नका. बाहेर भेटण्याचा विषय काढायचा असेल तर व्यायाम संपवून स्ट्रेचिंग चाललेलं असताना काढा.

योग्य वेळी दोनदा बोलूनही उत्तर एका शब्दात आलं आणि हेडफोन परत कानात गेले, तर ते नमस्कारापुरतं ठेवा. काहींसाठी तो तास दिवसातला एकमेव शांत तास असतो. तुमचा व्यायाम त्याच वेळी, त्यांच्या शेजारच्या रॅकवर चालू ठेवायला कुणाची हरकत नाही.