विचारा तर खरं : चाहत्यांची बोली

प्रश्न : विदर्भ जिंकला की आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘आपण जिंकलो’, हरला की ‘हरले लेकाचे’! प्रकल्पासाठी हे मोजायचं कसं? – एम.ए.ची विद्यार्थिनी, धरमपेठ

उत्तर : अमेरिकेतल्या विद्यापीठांत मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी १९७६मध्ये हेच दाखवलं होतं. संघ जिंकला की विद्यार्थी ‘आम्ही’ म्हणत, हरला की ‘ते’.

सामने मात्र जपून निवडा. मार्च २०२४मध्ये रणजीच्या अंतिम सामन्यात विदर्भ मुंबईकडून १६९ धावांनी हरला. तिथे हिशोब सरळ आहे. मार्च २०२५चा जामठ्याचा अंतिम सामना अनिर्णित राहिला आणि पहिल्या डावातल्या ३७ धावांच्या आघाडीवर केरळला मागे टाकून चषक आला. तिथे ‘जिंकलो’ एवढंच शोधलंत तर ‘चषक आपलाच’ निसटेल. दोनच सामन्यांवर निष्कर्ष काढू नका, साखळीतलेही घ्या.

आधी ग्रुपची परवानगी घ्या. मग सुरुवातीपासून असलेल्या सदस्याच्या फोनवरून फोटो-व्हिडिओ वगळून चॅट एक्सपोर्ट करा; नंतर आलेल्याकडे सगळे जुने मेसेज नसतात. नावांऐवजी क्रमांक टाका, फॉरवर्ड काढून टाका. जिंकल्यावर मेसेजच जास्त पडतात, म्हणून आकडा दर शंभर मेसेजमागे काढा.

खरी मेहनत पुढे आहे. ‘जिंकलो रे!’ यात सर्वनामच नाही, क्रियापदावरूनच कळतं. पण ‘पैज हरलो’ म्हणणारा एकटाही असू शकतो, कारण पुरुषाच्या तोंडी ‘मी हरलो’ आणि ‘आम्ही हरलो’ यांचं रूप एकच. ‘आपण कुठले?’ हा आदर झाला, ‘मी आपला झोपलो’ ही नुसती लकब. रोमन लिपीत कोणी ‘आपण’ला एक ‘ए’ लावतो, कोणी दोन. त्यामुळे सर्चवर भिस्त नको, डोळ्यांनी वाचा. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ यांचे रकाने वेगळे ठेवा: घरच्या ग्रुपवर ‘आपण’ चालतं, समोर मुंबईकर आला की तोच गडी ‘आम्ही’वर येऊ शकतो. माझ्या मते प्रकल्पाचा जीव इथेच आहे.

प्रश्न : ऑफिसच्या ग्रुपवर ‘आपले पोट्टे भारी’ लिहिलं, तर पुण्याचे सहकारी बिथरले. शिवी आहे का ही? – एक वाचक, सक्करदरा

उत्तर : छे! पोट्टे म्हणजे पोरं. ‘आपले’ लागलं की कौतुकच. ‘त्यांचे पोट्टे’ म्हटलंत तर मात्र चिमटा बसतो. ‘काय बे’मधला ‘बे’ मात्र जपून वापरा, तो बरोबरीच्यांतच चालतो. साहेब ग्रुपवर असतील तर नकोच.