दुसऱ्याचं हाड गुडघ्यात चालेल का?

प्रश्न: मुलगा २६ वर्षांचा, कबड्डीत गुडघा गेला, कूर्चा (हाडाच्या टोकावरचा गुळगुळीत थर) आणि खालच्या हाडाचा टवका उडालाय, डॉक्टर डोनर ग्राफ्ट, म्हणजे दुसऱ्याचा तुकडा बसवायचा, म्हणतायत. मग दुसऱ्याची किडनी बसवल्यावर लागतात तशा, शरीरानं ती नाकारू नये म्हणून, जन्मभर गोळ्या का हो?

उत्तर: नाही ताई, गोळ्यांची भीती सोडा. कूर्चेत रक्तवाहिन्याच नसतात, म्हणून ती आपली आपण नीट भरत नाही, पण त्यामुळेच शरीर परक्या कूर्चेच्या फारसं मागेही लागत नाही. खराब भाग गोल कोरतात आणि मृत दात्याच्या गुडघ्यातली त्याच मापाची चकती बाटलीच्या बुचासारखी दाबून बसवतात, वर जिवंत कूर्चा, खाली हाड, त्या हाडाची जागा पुढे हळूहळू तुमच्या मुलाचंच हाड घेतं. ग्राफ्ट ताजा लागतो, साधारण ४ आठवड्यांच्या आत, खरी अडचण तीच, योग्य मापाचा मिळेपर्यंत थांबावं लागतं. नंतर काही आठवडे कुबड्या, आणि कबड्डीचं इतक्यात विचारूच नका.