पंचर, पंक्चर आणि मनाची टोचणी

प्रश्न : परवा गाडीचं मागचं चाक बसलं म्हणून ढकलत ढकलत दुकानात नेली. तिथले मामा ट्यूब घमेल्यातल्या पाण्यात दाबून बुडबुडे बघत सांगायला लागले, "पंच म्हणजे ठोसा, ठोसा बसला की टायर पंचर." खरंय का हे?
- एक वाचक, खानापूर

उत्तर : मामा अगदीच चुकले नाहीत, फक्त शेजारच्या घरात शिरले. आपल्याकडं खानापूर काय नि निपाणी काय, वर कन्नड खाली मराठी अशा बोर्डावर पंचर, पंच्चर, पंक्चर कसंही लिहिलेलं दिसतं, पण शब्द एकच. लॅटिनमध्ये पुंगेरे म्हणजे टोचणं, त्यावरून पुंक्तुरा म्हणजे टोचल्याचं भोक, आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीस तो इंग्लिशात आला. तेव्हा टायर कुठला हो! डनलॉपनं बेलफास्टला हवेचं टायर केलं ते १८८८ साली, तोवर पंक्चर व्हायची ती कातडी नाहीतर कापड.

फायलीला भोकं पाडायचं पंच याच खानदानातलं, फ्रेंचमधून फिरून आलेलं. पॉइंट म्हणजे टोचून उठवलेला ठिपका, आणि त्या ठिपक्यावर नेमका पोचतो तो पंक्च्युअल (आमच्या संपादकांना विचारा, मी त्यात बसत नाही). पण मला सगळ्यात आवडतो तो कंपंक्शन. चूक केल्यावर आतून जे लागतं ना, त्याला इंग्लिशात हा शब्द आहे आणि तोही पुंगेरेवरूनच आलाय. आपण काय म्हणतो? मनाला टोचणी! कुणी कुणाला विचारलं नाही, तरी दोघांच्या हाताला सुईच लागली.

राहिला पिअर्सिंग, पार्लरच्या बोर्डवरचा. सोनार कान टोचतो तेच काम, पण शब्दाचं मूळ वेगळं. फ्रेंच पेर्से, त्यामागं लॅटिन पेर्तुंदेरे, यात पेर म्हणजे आरपार आणि तुंदेरे म्हणजे ठोकणं. म्हणजे मामांचा ठोसा सापडला, पण टायरात नाही, कानाच्या भोकात!

आणि हो, एक गंमत मामांनाही सांगा. इंग्लिशवाले पंक्चर दुरुस्त करतात, आपण पंक्चर काढतो, पायातला काटा काढावा तसं.