'एडिबल इन्सेक्ट्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न असा आहे: कीटकांपासून बनवलेल्या पदार्थांबद्दल ग्राहकांना काय वाटतं, यासाठीच्या एका प्रश्नावलीचं मराठी भाषांतर करायचं आहे. 'एडिबल इन्सेक्ट्स'साठी 'खाद्य किडे' घ्यावं, 'भक्ष्य कीटक' की आणखी काही?

'किडे' अजिबात नको. मराठीत किडा आणि अन्न एकत्र आले की अन्न नासलेलं असतं. किडकं वांगं, किडलेली डाळ, तांदळातले पोरकिडे. 'तुम्ही किडे खाल का?' असं विचारलं तर बहुतेक जण नाहीच म्हणतील, पण तो नकार खराब झालेल्या अन्नाला असेल आणि तुमच्या तक्त्यात मात्र कीटकांच्या नावावर जमा होईल. भाषांतरामुळे सर्वेक्षणाचा निकालच फिरेल, म्हणून हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो.

'कीटक' हा तसा त्याचाच भाऊबंद. संस्कृत 'कीट', प्राकृतात 'कीड', त्यातून आपले कीड आणि किडा. पण 'कीटक' आपल्याकडे पाठ्यपुस्तकातून आला, त्याला सडक्या भाजीचा वास नाही. 'खाद्यतेल' जसं, तसं 'खाद्य कीटक' चालेल. 'भक्ष्य' टाळा, कारण आज त्याचा अर्थ शिकार असा होतो. 'कीटकभक्षी' हे विशेषण घटपर्णीला आणि वेड्या राघूला शोभतं. माणसाच्या सवयीबद्दल लिहायचं असेल तर शाकाहार-मांसाहाराच्या चालीवर 'कीटकाहार' म्हणा.

तरीही शक्य तिथे सरसकट शब्दच वापरू नका, ज्याच्या त्याच्या नावाने विचारा. जिथे कीटक खातात तिथे त्यांना स्वतःची नावं आहेत. ओडिशातल्या मयूरभंजमध्ये लाल मुंग्यांची 'काई' चटणी होते, तिला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. बस्तरमध्ये तशाच चटणीला 'चापडा' म्हणतात. आसामीत एरंडाच्या पानांवर वाढणारा रेशमाचा जीव म्हणजे 'एरी पोलू', आणि त्याच्या कोशातला जीव खातात. सर्वसाधारण किड्याला तिथे 'पोक' हा वेगळा शब्द आहे. मेक्सिकोतल्या वाहाकात भाजलेले नाकतोडे 'चापुलिनेस' या नावाने बाजारात येतात. आपलंही तेच आहे की! कोळंबी आणि चिंबोरी कीटकांसारख्याच संधिपाद, म्हणजे सांधेदार पायांच्या, पण त्यांना आपण नावाने ओळखतो, म्हणून त्या ताटात आल्या तर कुणी दचकत नाही.

मराठीत 'टोळ' आणि 'नाकतोडा' सोपे जातील. 'रातकिडा'त किडा आहे, पण तो ऐकताना आधी रात्रीची किरकिर आठवते, नासाडी नाही. खरी अडचण अळीची. युरोपीय संघाने २०२१ साली कीटक खाद्य म्हणून विकायला पहिल्यांदा परवानगी दिली ती एका भुंगेऱ्याच्या वाळवलेल्या पिवळ्या अळीला ('यलो मीलवर्म'). इंग्रजी नावाचं शब्दशः 'पिठातली अळी' केलंत तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांसमोर पिठाची चाळण येईल. 'भुंगेऱ्याची वाळवलेली अळी' लिहा. अळी लपवू नका, ती फसवणूक होईल; फक्त तिला पिठातून बाहेर काढा.

प्रश्नावलीत 'डिस्गस्ट'ची मोजपट्टीही असेलच. तिथे 'घृणा' लिहू नका. मराठीत घृणा माणसाची किंवा कृत्याची वाटते, त्यात नैतिक निवाडा असतो (संस्कृतात तर घृणा म्हणजे दयासुद्धा). खाण्याच्या वस्तूची वाटते ती किळस, आणि अंगावर काटा येऊन तोंड फिरवावंसं वाटतं ती शिसारी. मोजपट्टीच्या मधल्या पायरीला किळस आणि टोकाला शिसारी ठेवा.